गठुड्यातलं कापड पाहून गोधडीचा नमुना कसा ठरवावा

गोधडी शिवायला नव्यानं बसणारी बहुतेक मंडळी आधी मोबाइल पुढे करतात. त्यात कुठल्या तरी परदेशी बाईनं शिवलेली चांदण्यांची गोधडी असते आणि विचारणं असतं, "ताई, अशी जमेल का?" मी म्हणते, चित्र राहू दे, घरचं गठुडं घेऊन ये.

हे मी माझ्याच फजितीतून शिकले. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, दारव्ह्याकडच्या आमच्या गावात, मी अशीच चांदण्यांची गोधडी शिवायला घेतली. कापड होतं सासूबाईंच्या जुन्या साड्यांचं. सगळ्या फुलाफुलांच्या आणि सगळ्या मधल्या रंगाच्या: निळसर, गुलाबीसर, मेंदी. महिनाभर दुपारच्या दुपारी त्रिकोण कापले, जोडले. टोकाला टोक अगदी जुळलं होतं. अंगणात पसरली तेव्हा सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) कपाळावर हाताची सावली धरून पाहिलं आणि विचारलं, "चांदन्या कुठी गेल्या वं?" खरंच, एकही दिसत नव्हती. सगळी गोधडी म्हणजे पाण्यात भिजलेली रांगोळी. मग त्यांनी मला जे सांगितलं तेच मी आता सगळ्यांना सांगते: "तुले काय आवडते थे मंग पायजो. आंधी या कापडाले काय झेपते थे पाय."

तर कापडाला काय झेपतं, हे पाहायची माझी रीत अशी.

१. गठुडं सोडा, पण रंग पाहू नका

पहिली वाटणी हातानं करायची, डोळ्यांनी नाही. प्रत्येक कापड बोटांत चुरगाळून पाहा. सुती एका बाजूला: जुनी लुगडी, सुती साड्या, धोतरं, सुती शर्ट, परकर. टेरिकॉट, म्हणजे शाळेचे गणवेश आणि पँटी, दुसरीकडे. जीन्स आणि जाड चादरी तिसरीकडे. घसरणाऱ्या सिंथेटिक साड्या चौथीकडे. टी-शर्ट, लेगिंग्ज असं ताणलं जाणारं कापड पहिल्या गोधडीत घेऊच नका. ते कापताना एका मापाचं असतं आणि शिवताना दुसऱ्याच.

सुती की सिंथेटिक ते कळेना, तर एक धागा ओढून चुलीशी धरा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत भुकटी होणारी राख उरते. सिंथेटिक वितळून त्याची कडक गाठ होते. मिसळीचं कापड दोन्ही करतं.

ही वाटणी नमुन्याच्याही आधी का? कारण जीन्सचा तुकडा आणि विरलेल्या लुगड्याचा तुकडा शेजारी शेजारी शिवला, तर दोन धुण्यांत लुगडं शिवणीजवळ फाटतं. जाड कापड ओढतं, पातळ सोसतं. एका गोधडीच्या तोंडावर, म्हणजे वरच्या नक्षीच्या बाजूला, एकाच वजनाचं कापड असावं, एवढं पाळलं तरी निम्मी गोधडी वाचते.

आता ताकद पाहा. कापड दोन्ही हातांनी उभं आणि आडवं ताणा, मग उजेडासमोर धरा. लुगडं बसायच्या जागी आणि निऱ्यांत विरतं. पदर आणि काठ बहुतेक वेळा शाबूत असतात. विरलेला भाग फेकू नका, तो आत भर म्हणून जाईल. आत्याबाईंच्या पेटीत एम्प्रेस मिलच्या कापडाचा एक तुकडा अजून आहे. नागपूरची ती मिल १८७७ साली सुरू झाली आणि बंद पडूनही आता कित्येक वर्षं झाली, पण तो तुकडा ताणला तर आपलीच बोटं दुखतात. असं कापड निघालं तर ते बाजूला ठेवा, कडेला लावायला.

२. धुणं

सगळं एकदा धुऊन घ्या, बाजारातून आणलेलं नवं कापड तर नक्कीच. नवं सुती आकसतं, जुनं आकसून झालेलं असतं. दोन्ही न धुता जोडली तर पहिल्या धुण्यातच गोधडीला सुरकुत्या पडतात. लाल, मरून आणि गडद निळ्याची वेगळी परीक्षा घ्या: ओल्या पांढऱ्या चिंधीवर तो तुकडा अर्धा तास दाबून ठेवा. चिंधी रंगली तर पुन्हा धुवा, पुन्हा पाहा. तिसऱ्यांदाही रंग सोडत असेल तर त्या कापडाचा मोह सोडा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं गावात सगळेच सांगतात. माझ्या एका पांढऱ्या दुपट्याचं गुलाबी दुपटं त्याच भरवशावर झालं.

३. दिवेलागणीला पाहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवी माणसं नेमकी हीच गाळतात.

आपण म्हणतो नमुना रंगांनी उठतो. तसं नाही. नमुना उठतो तो गडद आणि फिकट यांच्या फरकानं. लाल आणि हिरवा दुपारच्या उन्हात एकमेकांशी भांडतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर पाच हातांवरून एकच ढग दिसतो. माझ्या चांदण्या अशाच बुडाल्या.

म्हणून संध्याकाळी, दिवा लावायच्या जरा आधी, सगळी कापडं ओसरीवर ओळीनं टाका आणि दाराशी जाऊन पाहा. त्या उजेडात रंग मावळतात, फक्त गडद-फिकट उरतं. लाल तेव्हा दुपारपेक्षा जास्तच काळा दिसतो, हे लक्षात असू द्या. संध्याकाळी चूल-धारेची घाई असेल, तर दुपारी मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा, जवळपास तेच दिसेल.

आता तीन ढीग करा: गडद, फिकट, आणि मधले. एखादं कापड कुठं टाकावं कळत नसेल तर ते मधल्यातलं समजा. मोजणी अशी निघते:

गडद आणि फिकट दोन्ही भरपूर, मधलं थोडं: नशीब, काहीही शिवा.
सगळं मधलं: बारीक त्रिकोण, चांदण्या, फुलं विसरा. पट्ट्या किंवा चौकटी.
सगळं फिकट: आणखी एक गडद कापड आणल्याशिवाय बसू नका.

तिसरा प्रकार आमच्याकडे धोतरांच्या घरी होतो. आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या मालकांच्या माघारी आठ धोतरं घेऊन आल्या होत्या, याचीच गोधडी पाहिजे म्हणून. नुसती पांढरी गोधडी शिवली असती तर ती सतरंजीखालचं अस्तर वाटली असती. आम्ही बाजारातून फक्त एक गर्द निळं कापड आणलं. धोतराचे चौकोन, मधे निळ्या पट्ट्या. धोतरंच पुढे आली, निळा मागे राहिला. आणि धोतराचं बारीक लाल काठ जिथं जिथं होतं तिथं आम्ही ते मुद्दाम चौकोनाच्या कडेला येऊ दिलं.

४. छापाचा आकार

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात तेव्हा त्यांच्या झुली लांबून पाहा. मोठ्या तुकड्यांची, ठळक नक्षीची झूल वेशीपासून ओळखू येते. बारीक टिकल्यांची झूल जवळ गेल्यावरच कळते. गोधडीचंही तेच.

तळहाताएवढं फूल असेल तर तुकडा निदान एक वीत, म्हणजे ९ इंच हवा. तीन बोटांचा तुकडा कापलात तर फुलाची एक पाकळी आणि अर्धं पान हाती येईल. बारीक ठिपक्यांचं कापड कुठेही चालतं. रेघांचं आणि चौकड्यांचं कापड (शर्ट बहुतेक असेच) तिरकं कापलं की लगेच कळतं, त्यामुळे नवशिक्यानं ते सरळ कापायच्या नमुन्यातच घ्यावं. मोर, हत्ती, दिवे अशी उभ्या चित्रांची साडी असेल तर सगळी चित्रं एकाच दिशेला ठेवायची की नाही हे कापायच्या आधी ठरवा. मी ठेवत नाही. गोधडी पांघरणाऱ्याचं डोकं कुठल्या बाजूला येईल याचा काय नेम.

तीन ठळक छाप शेजारी आले की डोळ्याला बसायला जागा राहत नाही. मधे साधं एकरंगी कापड टाका. त्यासाठी जुने परकर आणि साड्यांचे फॉल फार उपयोगी.

५. मोजदाद

एकट्या माणसाची गोधडी साधारण ६० बाय ९० इंचांची धरा. चौकोन शिवून ९ इंचाचा हवा असेल तर १० इंचाचा कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो. जाणत्या बायका पाव इंच सोडतात. हातशिलाईत नव्या माणसानं अर्धाच सोडावा.

पुरुषाच्या एका शर्टाच्या पाठीतून असे ४ चौकोन निघतात, पुढच्या बाजूंतून खिसा आणि काजपट्टी चुकवून आणखी २-३. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे २१६ इंच, आणि पन्हा (रुंदी) ४५ इंच. ती मधोमध कापून दोन भाग शेजारी जोडले की १०८ बाय ८९ इंच होतात: एका साडीत गोधडीची एक पूर्ण बाजू झाकून वर उरतं. म्हणजे मागच्या बाजूला एक धड साडी आधीच राखून ठेवा. तोंडाच्या नक्षीत सगळं कापड उडवून मागे काय लावू म्हणणारे दरवर्षी भेटतात.

प्रत्येक कापडाचे किती तुकडे निघतील ते वहीत लिहा. नमुना या आकड्यांतून निघणार आहे.

६. आता नमुना

*सगळं थोडं थोडं, एकही कापड पुरेसं नाही.* बहुतेक घरांची हीच तऱ्हा. इथे मापाचे तुकडे कापत बसू नका. पट्ट्या करा: रुंदी एकच ठेवा, म्हणजे ४ इंच, लांबी जी निघेल ती. तुकड्याला तुकडा जोडत ६० इंचाची लांब पट्टी करा, मग पट्टीखाली पट्टी. गडद-फिकटाची चिंता नाही, कारण डोळा आडव्या ओळी धरून चालतो. फक्त वरच्या आणि खालच्या पट्टीतले जोड एकाखाली एक येऊ देऊ नका, विटा रचतो तसं.

तुकडे इतके वेडेवाकडे असतील की पट्टीही निघत नाही, तर कर्नाटकात उत्तर कन्नडकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची रीत आहे. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्यात तोंड आधी जोडून घेत नाहीत. खाली साडी पसरायची, एका कोपऱ्यातून तुकडा ठेवायचा, कड आत मुडपायची आणि धावदोऱ्यानं थेट शिवत, कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत यायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या गोधड्याही पुष्कळशा अशाच बाहेरून आत शिवलेल्या असतात. मापाचा कंटाळा असणाऱ्यानं हीच शिवावी.

*पाच-सहाच कापडं, पण प्रत्येक भरपूर, गडद-फिकट स्पष्ट.* बुद्धिबळाच्या पटासारखी चौकडी. ९ इंचाचे ६ आडवे, ९ उभे, असे ५४ चौकोन: २७ गडद, २७ फिकट. हे झाले ५४ बाय ८१ इंच; भोवती ३ इंचाचा काठ लावला की ६० बाय ८७. आठ-नऊ शर्टांचं काम. पहिल्या गोधडीला याहून चांगला नमुना मला माहीत नाही, आणि लोकांना तो फार साधा वाटतो हीच त्याची एक खोड.

*सगळं मधलं.* चौकोन तेच ठेवा, पण ते एकमेकांना लागू देऊ नका. मधे एकाच रंगाच्या ३ इंची पट्ट्या घाला, खूप गडद किंवा खूप फिकट. ५ आडवे आणि ७ उभे चौकोन पुरतात, म्हणजे ३५च. भोवतीच्या पट्ट्या धरून ६३ बाय ८७ इंच होतं. पट्ट्यांसाठी ४५ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड लागेल, आणि आठवडी बाजारातून विकत आणायचंच असेल तर एवढंच आणा. घरात अशी मधल्या रंगाची गठुडी जास्त असतात, कारण रोजच्या साड्या आपण मळखाऊ म्हणूनच घेतो. माझ्या चांदण्यांच्या साड्यांना हाच नमुना हवा होता. पुढे त्या उसवून मी तसाच शिवला.

*एकच कापड जिवाचं.* आईचं लुगडं, आजीचा शालू. त्याचे चौकोन करू नका हो. त्याला मधे अख्खं बसवा आणि भोवती चौकटी फिरवा. मधला भाग ३० बाय ६० इंच, भोवती ६ इंचाची चौकट, त्याबाहेर ९ इंचाची. झाले ६० बाय ९०. ४५ इंच पन्ह्यातून मधला भाग ३१ इंच रुंद कापला की दोन्ही बाजूंना ७-७ इंचाच्या काठासकट पट्ट्या उरतात, आणि त्याच पहिल्या चौकटीला लागतात. कापड जणू याच हिशोबानं विणलेलं.

काठ देखणा असेल तर हा नमुना दुप्पट शोभतो. आपल्या नागपूर-भंडारा भागातली करवतकाठी साडी आठवा: काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून ते नाव. तो काठ तुकडे करून चौकोनांत विखुरला तर नुसते ओरखडे दिसतात; अखंड फिरला तरच करवत वाटते. पण साडीचं अंग कोशाच्या रेशमाचं असेल तर त्यामागे मऊ सुती अस्तर टाचून घ्या, आणि अशी गोधडी रोज पांघरायला काढू नका.

*गडद-फिकट भरपूर, आणि हातही बसलेला.* मग त्रिकोण. एक गडद आणि एक फिकट चौकोन तोंडाला तोंड लावून ठेवा, मागून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा, रेघेच्या दोन्ही अंगांनी टीप घाला, रेघेवर कापा: दोन अर्धे-अर्धे चौकोन तयार. चौकोन मुद्दाम इंचभर मोठे घ्यायचे आणि उलगडून इस्त्री केल्यावर मापात छाटायचे. तिरकी कड ताणली जाते, म्हणून कापून मग शिवण्यापेक्षा शिवून मग कापणं बरं. हेच चौकोन फिरवून फिरवून ठेवले की डोंगर, पतंग, भिंगरी, काय हवं ते निघतं. इंटरनेटवर लॉग केबिन नावाचा नमुना दिसतो, त्यालाही असंच गठुडं लागतं: मधे छोटा चौकोन, भोवती पट्ट्या, लागोपाठच्या दोन बाजू फिकट आणि दोन गडद. त्रिकोणाची भीती वाटणाऱ्यांनी आधी तो करावा. दिसतो अवघड, पण सगळ्या कडा सरळ.

७. अंगणात मांडा, खाटेवर चढा

टाका घालण्याआधी सगळे तुकडे झाडलेल्या अंगणात मांडा. वारा नसलेली सकाळची वेळ धरा आणि कोंबड्या डालून ठेवा. मग खाटेवर किंवा ओट्यावर उभं राहून पाहा. एकसारखे तुकडे एका कोपऱ्यात गोळा झाले असतील, सगळा लाल एकीकडे असेल, तर आताच हलवा. पसंत पडलं की फोटो काढा, ओळीप्रमाणे तुकडे उचला आणि प्रत्येक ओळीच्या गठ्ठ्यात दोरा ओवून आकड्याची चिठ्ठी बांधा. ही चिठ्ठी मी एकदा बांधली नव्हती, त्यावर जास्त बोलत नाही.

८. धावदोरा नमुन्यासारखा की उलटा

भर कोणती त्यावर टाक्यांचं अंतर ठरतं. आत जुन्या साड्यांचे तीन-चार थर असतील तर ओळी दोन बोटं दूर चालतात. घरचा कापूस सरकी काढून, पिंजून भरणार असाल तर ओळी जवळ घ्या, नाहीतर धुतल्यावर रुईचे गोळे एका कोपऱ्यात जमतात. आमच्याकडे कापूस घरचा म्हणून सगळ्यांना तोच भरावासा वाटतो. नवशिक्यानं पहिली गोधडी साड्यांच्या थरांचीच करावी असं माझं मत आहे. डिसेंबर-जानेवारीची थंडी तीही अडवते, आणि मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत वाळते.

थर पसरल्यावर आधी मोठाले कच्चे टाके घालून सगळं जखडून घ्या. धावदोरा बाहेरच्या कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत यावा. चौकटींच्या आणि चौकडीच्या गोधडीला तो शोभतो. आडव्या पट्ट्यांना उभ्या ओळी घाला. छाप दाट असेल तर टाके दिसतच नाहीत, तिथे नक्षीच्या टाक्यांवर रात्री जागवू नका. ती हौस एकरंगी कापडावर फेडा. दोरा सुती घ्या, दोन पदरी.

उरलेल्या प्रत्येक कापडाचा एकेक तळहाताएवढा तुकडा टाकून देऊ नका. तो पेटीतही ठेवू नका. एका चिंधीच्या पुरचुंडीत बांधून, दर वेळी गोधडी धुवाल तेव्हा तिच्यासोबत धुवा आणि उन्हात टाका. चार-पाच वर्षांनी ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा तो गोधडीइतकाच विटलेला असेल.